क्यांती क्लासिको कशी निवडावी, कशी उघडावी आणि जेवणाबरोबर कशी प्यावी

क्यांती क्लासिको ही इटलीतल्या टस्कनी प्रांताची रेड वाइन, आणि ती जेवणाची वाइन आहे. ताटात काही नसताना, नुसत्या गप्पा मारताना तिचा पहिला घोट घेतला की बहुतेकांचं तोंड वाकडं होतं. आधी आंबट लागते, मग तुरट, आणि शेवटी हिरड्या कोरड्या पडतात. पाहुणा विचारतो, "खराब झालीय का?"

माझंही तसंच झालं होतं. पुण्यात मे महिन्यात, दिवसभर ओट्यावर तापलेली बाटली मी संध्याकाळी उघडली. रेड वाइन "रूम टेंपरेचर"ला प्यायची एवढंच ऐकून होते. ग्लास नाकाशी नेला तर अल्कोहोलची वाफ डोळ्यांपर्यंत गेली. पुढे टस्कनीतल्या सिएना शहराच्या एका गल्लीतल्या लहानशा खानावळीत तिथल्या बाईंनी बाटली आणली, तिच्या पोटाला तळहात लावून पाहिलं, मान हलवली आणि ती गार पाण्याच्या बादलीत ठेवून दिली. आधी टेबलावर आले पाव आणि ऑलिव्ह तेलात न्हालेले पांढरे घेवड्याचे दाणे. बाटली त्यानंतर पंधरा मिनिटांनी आली. तेलाने माखलेल्या जिभेवरून तो आंबट-तुरट घोट गेला आणि तोंड असं लख्ख झालं की हात आपोआप पुढच्या घासाकडे गेला. पुण्यात मी खराब समजले होते ती वाइनही बहुधा अशीच उत्तम असणार. मी तिला वागवलं वाईट. ती चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. आधी नाव नीट समजून घ्या

उच्चार "क्यांती". आपल्याकडे बरेच जण "चियांती" म्हणतात, पण इटालियनमध्ये "ch" या अक्षरांचा उच्चार "क" होतो. दुकानात दोन्ही चालतं. उच्चारापेक्षा महत्त्वाचा आहे पुढचा शब्द, क्लासिको.

टस्कनीत फ्लोरेन्स आणि सिएना या दोन जुन्या शहरांच्या मधे ज्या टेकड्या आहेत, तो मूळ क्यांतीचा मुलूख. टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने २४ सप्टेंबर १७१६ रोजी फर्मान काढून या मुलखाची हद्द ठरवून दिली. वाइनच्या प्रदेशाला कायद्याने सीमा आखून देण्याचं जगातलं हे फार जुनं उदाहरण. कारण आजच्यासारखंच होतं. नाव गाजलं, मागणी वाढली आणि भलतीकडची वाइन त्या नावाने विकली जाऊ लागली.

फर्मानाने प्रश्न काही कायमचा सुटला नाही. १४ मे १९२४ रोजी राद्दा गावात ३३ उत्पादक एकत्र आले आणि त्यांनी आपल्या वाइनच्या रक्षणासाठी संघ काढला. पण १९३२ मध्ये सरकारी समितीने आजूबाजूच्या मोठ्या प्रदेशालाही क्यांती हे नाव वापरायची मुभा दिली आणि मूळ टेकड्यांना वेगळं ओळखण्यासाठी "क्लासिको" हे उपपद जोडलं. म्हणजे क्लासिको हे शैलीचं किंवा दर्जाचं विशेषण नाही. तो जागेचा पत्ता आहे, "मूळ गावची" असं सांगणारा. १९९६ पासून तर दोन्हींचे नियमही पूर्ण वेगळे आहेत. साध्या क्यांतीत सांजोवेझे जातीची द्राक्षं किमान ७० टक्के लागतात आणि थोडी पांढरी द्राक्षंही चालतात. क्लासिकोत सांजोवेझे किमान ८० टक्के, उरलेली द्राक्षं काळीच, पांढरी अजिबात नाहीत.

साधी क्यांती वाईट असते असं मुळीच नाही. तिच्यातही सुरेख बाटल्या निघतात. पण या वाइनचा मूळ स्वभाव ओळखायचा असेल तर सुरुवात क्लासिकोपासून करा.

२. बाटलीवर कोंबडा शोधा

क्लासिकोच्या प्रत्येक बाटलीवर काळा कोंबडा असतो. इटालियनमध्ये गाल्लो नेरो. हा राद्दा, गायोले आणि कास्तेल्लीना या तीन गावांच्या मध्ययुगीन क्यांती संघाचं बोधचिन्ह. सोळाव्या शतकात चित्रकार जॉर्जो वाझारीने फ्लोरेन्सच्या पालात्सो वेक्किओ या जुन्या राजवाड्यातल्या मोठ्या दालनाच्या छतावर क्यांतीचं रूपक रंगवलं, तेव्हा त्यातही हा कोंबडा आला.

त्याची दंतकथा टस्कनीत सगळ्यांना पाठ आहे. फ्लोरेन्स आणि सिएना यांचं सीमेवरून पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. शेवटी ठरलं की कोंबडा आरवला की दोन्ही शहरांतून एकेक घोडेस्वार निघेल आणि ते जिथे भेटतील तिथे सीमा. सिएनाने पांढरा कोंबडा निवडला आणि त्याला खाऊपिऊ घालून गुबगुबीत केलं. फ्लोरेन्सवाल्यांनी काळा कोंबडा खुराड्यात कोंडून उपाशी ठेवला. ठरलेल्या दिवशी उपाशी कोंबडा बाहेर निघाला तोच आरवला, उजाडायच्या कितीतरी आधी. फ्लोरेन्सचा स्वार दौडत सुटला. पोट भरलेला पांढरा कोंबडा सावकाश उठला. दोघे स्वार भेटले ते सिएनापासून जेमतेम १२ किलोमीटरवर, फोन्तेरूतोली इथे. म्हणून जवळजवळ सगळी क्यांती फ्लोरेन्सच्या वाट्याला गेली, असं सांगतात.

कोंबड्याबरोबर गळ्यावर क्रमांक छापलेली सरकारी पट्टीही असते. दोन्ही दिसली की पुढचं लेबल वाचायला घ्या.

३. लेबलवरची पायरी ओळखा

तीन पायऱ्या आहेत. नुसतं "क्यांती क्लासिको" लिहिलं असेल तर तिला तिकडे आन्नाता म्हणतात, म्हणजे त्या सालची साधी वाइन. ती विक्रीआधी किमान १२ महिने मुरवतात. "रिझेर्वा" किमान २४ महिने, त्यातले ३ बाटलीत. "ग्रान सेलेत्सिओने" किमान ३० महिने, आणि तिची द्राक्षं उत्पादकाच्या स्वतःच्या मळ्यातलीच हवीत. ही सगळ्यात वरची पायरी २०१४ मध्ये बाजारात आली.

माझा सल्ला विचाराल तर पहिली बाटली आन्नाता घ्या. पैसे वाचवण्यासाठी हे सांगत नाही. वरच्या पायरीवर कधी कधी लाकडाचा वास इतका येतो की द्राक्ष त्याखाली दबतं. आन्नातात सांजोवेझे उघडी, ताजी, बोलकी भेटते. तिची ओळख झाली की मग रिझेर्वात काय वाढलं आणि काय निवळलं हे तुम्हाला स्वतःलाच कळतं.

साल बघा. आन्नाता साधारण तीन ते सात वर्षांची असताना छान असते, चांगली रिझेर्वा दहा वर्षं सहज काढते. २०१६ चं साल फार समतोल मानतात. २०१७ मध्ये कडक उन्हाळा आणि दुष्काळ होता, त्यामुळे त्या वाइन भरल्या अंगाच्या. २०१४ पावसाळी आणि थंड गेलं, त्या वाइन सडपातळ. सडपातळ म्हणून त्या सालाला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. चांगल्या घराच्या २०१४ च्या बाटल्या जेवणाबरोबर फार गोड स्वभावाने वागतात.

कधी गावाचं नावही भेटेल. २०२१ मध्ये उत्पादकांच्या संघाने या मुलखाचे ११ उपविभाग ठरवले. त्यातलं लामोले उंचावरचं, तिथली वाइन फिकट आणि सुवासिक. राद्दाही उंच आणि गार, तिथल्या वाइनमध्ये धार असते. पांत्सानोला ऊन भरपूर, तिथली भरदार. दक्षिणेकडच्या कास्तेल्नुओव्हो बेरार्देंगाची वाइन आणखी उबदार. एकच द्राक्ष, एकच नियम, पण डोंगराची उंची आणि पायाखालची जमीन बदलली की वाइन बदलते. गालेस्त्रो नावाचा पापुद्र्यांचा, हाताने चुरगळणारा दगड आणि आल्बेरेझे हा कठीण चुनखडक ही तिथल्या मातीची दोन प्रसिद्ध नावं. दोन्हींत पाणी साचत नाही, म्हणून वेलीला मुळं खोल घालावी लागतात.

४. द्राक्षाची गोष्ट माहीत करून घ्या, मग चव पटकन उलगडते

ही पायरी गाळू नका. सांजोवेझेची साल पातळ. ती उशिरा पिकते, सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत तोडणी चालते. सालीत रंग कमी म्हणून वाइन कधी शाईसारखी काळी होत नाही. माणकासारखी, आरपार दिसणारी राहते. आंबटपणा मात्र भरपूर. फिकट दिसते म्हणून पाणचट असेल असा अंदाज करणारा पहिल्या घोटाला चकतो.

आज आपण ज्या क्यांतीला क्यांती म्हणतो तिची घडी बसवली बेत्तीनो रिकासोली या सरदाराने. गायोलेजवळचा ब्रोलिओ किल्ला त्याच्या घराण्याचा. हा माणूस १८६१ मध्ये, पहिला पंतप्रधान कावूर याच्या मृत्यूनंतर, एकसंध इटलीचा दुसरा पंतप्रधान झाला. करारी स्वभावामुळे लोक त्याला लोखंडी सरदार म्हणत. राजकारणाबरोबर त्याने वर्षानुवर्षं द्राक्षांचे प्रयोग केले आणि १८७२ मध्ये पिसा विद्यापीठातल्या प्राध्यापक स्तुदियाती यांना पत्रातून निष्कर्ष कळवला. त्याचा मथितार्थ असा: वाइनचा सुगंध आणि जोम येतो सांजोवेझेतून. कानायोलो हे काळं द्राक्ष तिचा कडकपणा मऊ करतं. मालवाझिया हे पांढरं द्राक्ष वाइन हलकी करतं, रोजच्या पिण्यासाठी ते ठीक, पण मुरवायच्या वाइनमध्ये ते टाळलेलं बरं.

पुढे जे झालं ते वाचून मला अजून वाईट वाटतं. १९६७ चे नियम आले तेव्हा पांढरी द्राक्षं घालणं सक्तीचं झालं, १० ते ३० टक्के. रिकासोलीची सूचना अर्धीच ऐकली गेली. काळही तसाच होता. टस्कनीतली शेती शतकानुशतकं मेत्साद्रिया पद्धतीने चालायची, म्हणजे जमीन मालकाची, कष्ट कुळाचे आणि पीक निम्मंनिम्मं, आपल्याकडच्या अर्धेलीसारखं. एकाच शेतात गहू, ऑलिव्ह आणि झाडांवर चढवलेल्या द्राक्षवेली. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळं शहरांकडे निघून गेली. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार बंद झाले. त्यानंतर झालेल्या नव्या लागवडीत भर होता तो जास्त पिकावर. वाइन पातळ झाली आणि गवताच्या वेष्टणातल्या गोल बाटलीबरोबर स्वस्त म्हणून जगभर गेली.

त्या बाटलीचं नाव फियास्को. फुंकून केलेली गोल बुडाची काच, ती उभी राहावी आणि फुटू नये म्हणून भोवती वाळलेल्या पाणगवताचं विणकाम. गावोगावच्या बायका हे विणायचं काम करत. मला ती बाटली सुंदर वाटते. तिच्या आत काय भरलं गेलं याचा दोष विणणाऱ्या हातांना देऊ नये.

सुटका उत्पादकांनीच केली. आंतिनोरी घराण्याने १९७१ च्या सालापासून तिन्यानेल्लो नावाची वाइन काढली आणि १९७५ पासून त्यात पांढरी द्राक्षं घालणं पूर्ण थांबवलं. नियमात बसत नाही म्हणून तिच्यावर क्यांती क्लासिको लिहिता येईना. त्यांनी ती साधी "टेबल वाइन" म्हणून विकली आणि लोकांनी ती चढ्या भावाने घेतली. राद्दाच्या मोन्तेव्हेर्तीनेने १९७७ मध्ये निव्वळ सांजोवेझेची वाइन केली, तीही नियमाबाहेर. हळूहळू कायदाच त्यांच्या मागे आला. १९८४ मध्ये पांढऱ्यांचं प्रमाण घटलं, १९९६ मध्ये शंभर टक्के सांजोवेझेला परवानगी मिळाली आणि २००६ च्या तोडणीपासून पांढरी द्राक्षं बंदच झाली. रिकासोलीचं उरलेलं अर्धं वाक्य ऐकायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली.

सांजोवेझेचा एक धागा आपल्या सोलापूर जिल्ह्यातही आला आहे. अकलूजच्या फ्रातेल्ली या वाइनरीत इटालियन भावंडं भागीदार म्हणून आली आणि पिएरो मासी या टस्कन वाइनकाराच्या देखरेखीखाली तिथे सांजोवेझे लावली गेली. अकलूजची सांजोवेझे म्हणजे क्यांती नव्हे. ऊन वेगळं, माती वेगळी, तोडणी आपल्याकडे हिवाळ्याच्या शेवटी. पण द्राक्ष तेच. शक्य झालं तर दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवून पाहा. जात कशाला म्हणतात आणि जागा कशाला, हे त्या दोन घोटांत कळतं.

५. दुकानात आणि घरी बाटली सांभाळा

आयातीमुळे ही वाइन आपल्याकडे महाग पडते, म्हणून बाटली पारखून घ्या. उन्हात किंवा प्रखर दिव्याखाली उभी असलेली नको. बूच बाटलीच्या तोंडाच्या वर आलेलं दिसलं, किंवा वेष्टणाखालून ओघळ सुकलेला दिसला, तर ती बाटली कुठेतरी तापली आहे. वाइनची पातळी गळ्यापाशी हवी.

घरी आडवी ठेवा म्हणजे बूच ओलं राहतं. जागा अंधाराची, गार, एकसारख्या तापमानाची. स्वयंपाकघर आणि फ्रिजचा वरचा भाग सोडून कुठेही. उन्हाळ्यात घर तापत असेल तर महिना-दोन महिने फ्रिजच्या भाजीच्या खणात ठेवलेली बरी, तापण्यापेक्षा गार राहिलेली चांगली.

६. गार करा

१६ ते १८ अंश. ही एकच गोष्ट पाळलीत तरी निम्मं काम झालं. "रूम टेंपरेचर" हा सल्ला युरोपातल्या जुन्या, जाड दगडी भिंतींच्या गार घरांसाठी होता. आपल्या उन्हाळ्यात खोली ३२ अंशांवर असते. तेव्हा बाटली फ्रिजमध्ये साधारण दीड तास ठेवा. हिवाळ्यात पाऊण तास पुरतो. घाई असेल तर बादलीत पाणी आणि बर्फ घेऊन त्यात बाटली गळ्यापर्यंत पंधरा मिनिटं बुडवा. नुसत्या बर्फात ठेवू नका, पाणी काचेला सगळीकडून लागतं म्हणून लवकर गार होते.

हाताला बाटली गार लागली पाहिजे, पण काचेवर दव धरता कामा नये. फार गार झाली तर तुरटपणा टोचतो. मग ग्लासात ओतून दहा मिनिटं थांबा.

७. उघडा आणि हवा दाखवा

दहा वर्षांच्या पुढची बाटली असेल तर आदल्या दिवशी उभी करा, गाळ तळाशी बसेल. वेष्टण ओठाच्या खालच्या कडेला कापा. ओठ स्वच्छ फडक्याने पुसा, तिथे कधी बुरशीचा काळा थर असतो, तो निरुपद्रवी असतो पण ग्लासात जायला नको. स्क्रूचं टोक बुचाच्या मध्यावर टेकवा आणि सरळ फिरवा. शेवटचं वेटोळं बाहेर राहू द्या, म्हणजे बूच खालून फुटून चुरा पडत नाही. मग हळू ओढा. शेवटचा अर्धा सेंटीमीटर हाताने हलवत काढा.

बुचाचं वाइनकडचं टोक पाहा. तांबडं, ओलसर हवं. डाग बुचाच्या बाजूने पार वरपर्यंत गेला असेल तर हवा आत गेली असू शकते. मग ग्लासात थोडी ओतून हुंगा. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कोंदट तळघराचा वास आला तर बूच दूषित आहे. हवा दाखवून, वाट पाहून तो जात नाही. बाटली परत करा. चांगल्या दुकानाने ती मुकाट्याने बदलून द्यायला हवी.

तरुण आन्नाता अर्धा तास चंबूत किंवा काचेच्या जारमध्ये ओतून ठेवली की खुलते. रिझेर्वाला तासभर लागू शकतो. फार जुनी बाटली मात्र चंबूत घालायची असेल तर फक्त गाळ वेगळा करण्यापुरती, आणि लगेच वाढा. तिचा सुगंध नाजूक असतो.

८. पाहा, हुंगा, घोट घ्या

ग्लास पोटाला रुंद, तोंडाला निमुळता. एक तृतीयांशच भरा.

पांढऱ्या कागदावर तिरका धरा. मध्ये माणिक, कडेला वयाप्रमाणे विटकरी ते नारिंगी झाक. हुंगताना पहिली येते ती आंबट चेरी. चेरी आपल्या नाकाच्या ओळखीची नाही, म्हणून मी सांगताना पिकायला आलेल्या करवंदाची आठवण देते. अगदी तेच नव्हे, पण त्याच गल्लीतलं. मग वाळलेली फुलं, वाळकी पाला-पत्री, कोरा चहा. वय वाढलं की तंबाखू आणि चामडं. यातलं काहीही आलं नाही तर तुमचं नाक चुकतंय असं समजू नका. जे येतं त्याला तुमच्या शब्दात नाव द्या.

घोट तोंडात फिरवा. गालांच्या आत पाणी सुटतं तो आंबटपणा. आमसुलाच्या सारासारखं. जीभ आखडते, हिरड्यांना खरखर जाणवते तो तुरटपणा, सालीतून आणि बियांतून आलेला. अर्धवट पिकलेलं जांभूळ खाल्ल्यावर होतं तसं. गोडी जवळजवळ नसते. आता ग्लास खाली ठेवा आणि ताट ओढा, कारण एवढ्यावर मत बनवणं अन्यायाचं होईल.

९. ताट कसं निवडायचं

तुरटपणा प्रथिनांना आणि स्निग्धाला धरतो. तोंडात मांस, चीज, तेल असलं की तो हिरड्यांकडे वळतच नाही. आंबटपणा तेलकट थर धुऊन काढतो. टस्कनीतलं जेवण आणि ही वाइन एकमेकांच्या सोबतीने घडलेली आहेत, हे तिथल्या ताटाकडे पाहिलं की समजतं.

तिथला पाव बिनमिठाचा, सपक. म्हणून त्याच्यावर येणारं सगळं खारट आणि चवदार: बडीशेप घातलेलं डुकराच्या मांसाचं सॉसेज फिनोक्कियोना, मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज, कोंबडीच्या काळजाचा लगदा. शिळ्या पावाचं काय करायचं, तर टोमॅटोत शिजवून पाप्पा आल पोमोदोरो, किंवा घेवडा आणि काळपट हिरव्या पानकोबीबरोबर पुन्हा उकळून रिबोल्लीता. वरून कच्च्या ऑलिव्ह तेलाची धार. घेवड्यावर टस्कन माणसाचं इतकं प्रेम की बाकीचे इटालियन त्यांना घेवडाखाऊ म्हणतात. रानडुकराच्या मांसाच्या दाट सॉसमधला पास्ता. आणि सणासुदीला कियानीना जातीच्या बैलाच्या मांसाचा हाडासकट भाजलेला जाड काप, बाहेर करपलेला, आत लाल.

टोमॅटो हा या वाइनचा जुना मित्र. बऱ्याच रेड वाइन टोमॅटोच्या आंबटपणापुढे फिक्या पडतात, सांजोवेझे बरोबरीने उभी राहते. घरी पहिल्यांदा उघडत असाल तर लसूण आणि टोमॅटोच्या साध्या सॉसमधला पास्ता करा, वर किसलेलं चीज. याहून सोपी परीक्षा नाही.

आपल्या जेवणाबरोबर जमवायचं असेल तर दोन गोष्टी टाळा. जाळ तिखट नको. अल्कोहोलने तिखट दुप्पट चढतं आणि तुरटपणा टोचायला लागतो, त्यामुळे तांबड्या रश्शासोबत दोघांचंही नुकसान. आणि गोडसर नको. आमटीत गूळ पडला की वाइन एकदम आंबट लागायला लागते. मग जमतं काय? मिरी-लसणावर परतलेलं, तिखट बेताचं सुकं मटण. खिम्याचा भाजलेला कबाब. भाजलेल्या वांग्यात कच्चं तेल, लसूण आणि मीठ. लोण्यात परतलेले मशरूम. पावटे किंवा राजमा गुळाशिवाय, टोमॅटोत शिजवलेले, वरून ऑलिव्ह तेल.

घास, घोट, घास या क्रमाने खा. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला वाइन मऊ झाल्यासारखी वाटेल. ७५० मिलिलिटरची बाटली जेवताना चौघांना पुरते, आणि त्या मापातच ती चांगली लागते.

१०. उरली तर

बूच उलटं न करता त्याच बाजूने लावा आणि बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवा. दुसऱ्या दिवशी तरुण आन्नाता कधी कधी पहिल्या दिवसाहून छान लागते. तिसऱ्या दिवशी फळ मावळतं. तेव्हा ती भांड्यात घाला.

फ्लोरेन्सच्या दक्षिणेला इंप्रुनेता हे भाजक्या मातीच्या कामाचं गाव. फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटाची कौलं तिथली, असं मानतात. भट्टीवरचे कामगार मातीच्या भांड्यात मांस, लसूण, मिरी आणि वाइन घालून ते भट्टीच्या तोंडाशी ठेवून देत, अशी त्या पदार्थाची कहाणी आहे. नाव पेपोझो, म्हणजे मिरीचा. मूळ पदार्थ गोमांसाचा, मी मटणाचा करते. एक किलो मटणाचे मोठे तुकडे, न सोललेल्या लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, दोन चमचे जाडसर कुटलेली मिरी, मीठ, आणि मांस बुडेल इतकी वाइन. तेल नाही, कांदा नाही, परतणं नाही. जाड बुडाच्या पातेल्यात, झाकण ठेवून, सगळ्यात मंद आचेवर तीन तास. मधे एक-दोनदा हलवा, आटलं तर गरम पाणी घाला. रस काळपट, दाट होतो आणि मांस चमच्याने सुटतं. लसूण सालीतून दाबून काढा, पावाला लावा आणि तो पाव रसात बुडवून खा.